हातगुण

“साबण,” हेमंत म्हणाला आणि त्याने चंबू खिडकीच्या उजेडात धरला.

चंबूत दुधाळ लगदा होता. वर तेलाचा तवंग, खाली फेस आणि मधे नाव सांगता येऊ नये असा चिकट ऐवज. खरं तर त्यात दोन स्वच्छ थर पडायला हवे होते, वर पिवळं डिझेल आणि खाली तपकिरी ग्लिसरीन. माझ्या हातून ते दर वेळी पडायचे. हेमंतच्या हातून दुसऱ्यांदा साबण झाला होता.

उपाध्ये सरांनी चष्मा काढला, धोतराने पुसावा तसा सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला.

“ललिता, तू नेमकं काय करतेस?”

“लिहून दिलंय तेच, सर.”

“त्यानंही तेच केलं.”

“हो सर.”

“मग?”

हेमंतने वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. तो माझ्याच बरोबरीचा, सरांकडेच पीएच.डी. करणारा, स्वभावाने वाईट नव्हता. “हिच्या हाताला गुण आहे सर. आमच्या आजीच्या लोणच्यासारखं. तिच्याच हातचं टिकतं.”

“हातगुण वैद्याला असतो, आचाऱ्याला असतो,” सर म्हणाले. “रसायनशास्त्रात हातगुण नसतो, हेमंत. एकाच्या हातून होतं आणि दुसऱ्याच्या हातून होत नाही, याचे दोनच अर्थ. एक तर लिहायचं काहीतरी राहून गेलंय. नाहीतर…”

‘नाहीतर’च्या पुढे ते गेले नाहीत. जायची गरजही नव्हती. मी आकडे बनवले, असा त्याचा अर्थ होता, आणि तो आम्हा तिघांनाही ऐकू आला.

आता मी स्वतः मुलांना शिकवते. त्यांच्या चुकीच्या आकड्यांवर लाल रेघा ओढते. पण अजूनही कुणा पोराला ‘हे नक्की तूच केलंस ना?’ असं विचारायची वेळ आली की माझी जीभ अडखळते. त्या आठवड्यात मी जशी कोंडली गेले होते, तशी त्याआधी कधी कोंडली गेले नव्हते आणि नंतरही नाही. खोटं केलं असतं तर कबूल करून मोकळी तरी झाले असते. मी काही केलंच नव्हतं, त्यामुळे मला बाहेर पडायला दारच नव्हतं.

माझं काम सांगायला सोपं होतं. हॉटेलात तळून तळून काळं पडलेलं तेल घ्यायचं, त्यात मिथेनॉल घालायचं आणि त्याचं डिझेल बनवायचं. हे आपोआप होत नाही. मधे एक मध्यस्थ लागतो, उत्प्रेरक. बाजारातला उत्प्रेरक महाग आणि धुऊन काढायला त्रासाचा. माझा उत्प्रेरक फुकटचा होता. अंड्याची टरफलं. ती स्वच्छ धुऊन, वाळवून लाल होईपर्यंत भट्टीत भाजली की त्यांचा कळीचा चुना होतो, आणि हा चुना तेलाचं डिझेल करायला एकदम तयार असतो.

टरफलांची मला कमतरता नव्हती. सांगलीच्या एसटी स्टँडबाहेर माझ्या वडिलांची, आप्पांची, अंडाबुर्जीची गाडी होती. रात्री गाडी बंद करताना ते टरफलं डब्यात भरून आणायचे. मी ती उकळायची, आतला पापुद्रा नखाने सोलायची, धुऊन पंख्याखाली वाळत घालायची. आमच्या दोन खोल्यांना त्या दिवसांत कायम एक ओला, कच्चा वास असायचा. आप्पांना त्याचा पत्ताही नव्हता. ते गाडीवर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, “खावा खावा, टरफालसुदिक वाया जात न्हाई आमच्यात. पोरगी त्याच्यावर मोटार चालवनार हाय.”

आता सरांविषयी. उपाध्ये सरांसारखा सरळ माणूस मी नंतर नोकरीत पाहिला नाही. विद्यार्थ्याच्या पेपरवर फुकट नाव लावायचे नाहीत, कुणाच्या चहाचे मिंधे राहायचे नाहीत. कांदा-लसूण खायचे नाहीत, आणि सूर्य मावळायच्या आत जेवायचे. त्यानंतर पाण्याशिवाय तोंडात काही नाही. मी टरफलांचा विषय घेऊन गेले तेव्हा त्यांनी माझा कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, “टरफलासाठी कुणी अंडं फोडत नाही. अंडं फुटलेलंच असतं. विषय चांगला आहे, तू कर.” आणि मी दाराशी पोचले होते तेवढ्यात त्यांनी मला थांबवलं. “एवढंच बघ, सूर्यास्तानंतर ते लॅबमध्ये राहायला नको. टरफलं नकोत आणि पूडही नको. कपाटात नको, टेबलावर नको. जे उरेल ते घरी घेऊन जात जा.”

त्यांच्या बाजूने बघितलं तर हा मोठा मोकळेपणा होता. मी मान हलवली. कपाटात सगळ्यांच्या बाटल्या होत्या, नावं लिहिलेल्या. हेमंतच्या एका बाटलीत तर चक्क उंदरांवरच्या प्रयोगासाठी आणलेलं विष होतं. ते चालत होतं, माझ्या आप्पांची टरफलं चालत नव्हती. हे मी मनात म्हटलं आणि मनातच ठेवलं. आडनाव वायदंडे असलं की काय मनात ठेवायचं ते पोराला शाळेतच कळतं.

आप्पांना मी यातलं काही सांगितलं नाही. “तिथं ठेवायला जागा नाही,” म्हटलं. डबा वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचा, गुंडाळून आणायचा. एकदा ते म्हणाले, “म्या येतो की सायकलीवरनं पोचवाया, तुला वज्जं हुतंय.” मी घाईघाईने नको म्हटलं. दारातच त्यांना कुणी काही बोललं असतं तर? माणसाला ज्या गोष्टीचा अभिमान आहे तीच त्याच्यासमोर कुणी नाक मुरडून धरावी, हे मला बघवलं नसतं.

तर त्या दिवशी, साबण झाला त्या दिवशी, सर म्हणाले, “सोमवारी मी स्वतः करणार.”

हेमंत आणि मी एकदमच त्यांच्याकडे बघितलं. या माणसाने जन्मात अंड्याला हात लावला नव्हता. त्यात चातुर्मास चालू होता.

“सर, तुम्ही कशाला, मी पुन्हा—” हेमंत म्हणाला.

“नाही. मीच करणार. ललिता, तू दाराबाहेर बसायचंस. कशालाही हात लावायचा नाहीस. टरफलंही तुझ्या हातची नकोत. तुझ्या वडिलांनाच घेऊन येऊ दे.” त्यांनी साबणाचा चंबू बाजूला सारला. “झालं तर मी तुझी क्षमा मागेन. नाही झालं तर प्रबंध पुढे जाणार नाही, आणि का जात नाही ते मला लिहून कळवावं लागेल. मग तुला दुसरीकडे कुठेही नोंदणी मिळणं कठीण आहे. हे तुला आत्ताच सांगितलेलं बरं.”

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, आणि त्यामुळेच मी जास्त अडकले होते. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

संध्याकाळी गाडीवर जाऊन मी आप्पांना सांगितलं. ते तव्यावर कांदा परतत होते. उलथनं हातातच राहिलं.

“म्या यायचं? कालेजात?”

“हो. टरफलं घेऊन. सरांनी बोलावलंय.”

त्यांनी कांद्यात अंडं फोडलं, हलवलं, गिऱ्हाइकाला प्लेट दिली. मग फडक्याला हात पुसत माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुला चालंल न्हवं?”

“मला न चालायला काय झालं?”

“न्हाई, इच्यारलं आपलं.”

मला वाटलं, बुजतायत. मी त्यावर आणखी काही बोलले नाही. माझं डोकं दुसरीकडेच होतं. भाजणं, कुटणं, तेल गाळणं, तेलातलं पाणी उडवणं, मिथेनॉल मोजणं. मी प्रत्येक पायरी मनात शंभरदा चढले आणि उतरले. कुठेच काही राहिलेलं नव्हतं. रविवारी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी स्वतःलाच विचारायला लागले होते, की बाई, खरंच थर पडले होते ना गं? का तुला हवे होते म्हणून दिसले? माणूस इतका कोंडला की स्वतःचे डोळेही विरुद्ध साक्ष द्यायला उभे राहतात.

सोमवारी आप्पा दाढी करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. कृष्णेचं पाणी चढायला लागलं होतं, हवा नुसती ओलीकिच्च होती. वाळत घातलेले कपडे दोन दोन दिवस वाळत नव्हते आणि मिठाच्या बरणीत पाणी सुटत होतं. आप्पांनी लॅबच्या दाराबाहेर चपला काढल्या.

“चपला राहू द्या आप्पा, इथं कुणी काढत नाही.”

“ऱ्हाऊ दे. मला बरं वाटतं.”

सर दारात आले. त्यांच्या हातात रबरी हातमोजे होते. त्यांनी आप्पांना वाकून नमस्कार केला आणि डबा घेतला. टरफलं आप्पांनी स्वतःच धुतली होती, पापुद्रा स्वतःच सोलला होता. मला हात लावू दिला नव्हता. पांढरीशुभ्र टरफलं बघून सर म्हणाले, “छान स्वच्छ केलीत.”

आप्पांचा चेहरा उजळला. मी दाराबाहेरच्या बाकाशी उभी होते. आत टेबलापाशी हेमंत वजनकाटा पुसत होता. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मला तेच सहन होत नव्हतं.

“सायेब,” आप्पा म्हणाले, “वाईच इच्यारू का?”

“विचारा की.”

“उरल्यालं सांच्याला न्यायला म्या यिऊ का पोरगी आनंल?”

“नाही, नाही, आता काही न्यायचं नाही. ही तपासणी आहे, तेव्हा सगळं इथेच कुलपात राहील. आज भाजून ठेवतो. रात्रभर डेसिकेटरमध्ये राहू दे, उद्या सकाळी रिअ‍ॅक्शन लावू.” डेसिकेटर म्हणजे जाड काचेचं झाकणाचं भांडं, वस्तू कोरडी राहावी म्हणून. “हेमंतनंही दोन्ही वेळेला असंच केलं. अशा कामात घाई करून चालत नाही.”

घाई करून चालत नाही.

मी तो शब्द ऐकला आणि मनात मागचे दिवस मोजायला लागले. घाईशिवायचा एकही दिवस मला आठवेना. सकाळी दार उघडायच्या आधी मी येऊन उभी असायची. टरफलं भट्टीत. दुपारी भट्टी गार व्हायची वाट बघायला मला वेळच नसायचा, म्हणून लांब सांडशीने रसरशीत वाटी बाहेर काढायची, चटके खात खात खलायची, आणि पूड हाताला कोमट लागत असतानाच तेलात. मग तीन तास ढवळणं, थर पडेपर्यंत खिडकीतून सूर्याकडे बघत बसणं, आणि तो टेकडीला टेकायच्या आत सगळं आवरून डबा गुंडाळून बाहेर. अडीच वर्षांत माझ्या पुडीने लॅबमधली एकही रात्र बघितली नव्हती. मी ते लिहिलंही नव्हतं, कारण तो प्रयोगाचा भाग आहे असं मला कधी वाटलंच नाही. तो माझ्या आयुष्याचा भाग होता. सूर्यास्ताला घरी जायचं, एवढंच.

“सर,” मी म्हणाले, “आजच वापरा. भट्टीतून काढल्या काढल्या.”

सर वळले. “ललिता, तू बोलायचं नाहीस असं ठरलंय.”

“ठेवलं की ते मरतं सर. या हवेत ओलावा घेतं आणि मग डिझेलऐवजी साबण होतो.”

“त्यासाठीच डेसिकेटर आहे.”

“आतले खडे बघा सर.”

त्यांनी आत जाऊन डेसिकेटरचं झाकण सरकवलं. ओलावा शोषायचे ते खडे निळे असले तर ठीक, गुलाबी पडले की निकामी. आत सगळे गुलाबी होते. हेमंत पुटपुटला, “गेल्या महिन्यात तापवले होते सर. दिवसातून दहादा उघडतो आम्ही सगळे…”

सरांनी एक खडा उचलून उजेडात धरला. पण ते उपाध्ये सर होते. अर्ध्या पुराव्यावर ते स्वतःच्या बापालाही सोडणाऱ्यातले नव्हते.

“हा तर्क झाला,” ते म्हणाले. “बरोबर असेल, नसेलही. आणि अगदी शेवटच्या क्षणाला सुचलेला तर्क आहे, हे तुलाही कळतंय. ऐनवेळी पद्धत बदलायची तर मला कारण हवं. तू कधी रात्रभर ठेवून बघितलं होतंस?”

“नाही सर.”

“एकदाही नाही? अडीच वर्षांत?”

“नाही.”

“का?”

त्यांनी हे अगदी निर्मळपणे विचारलं. त्यांना आठवत नव्हतं. ज्या वाक्याभोवती मी अडीच वर्षं माझी सकाळ, दुपार आणि संध्याकाळ बांधली होती, ते वाक्य त्यांनी दारातल्या दारात उच्चारलं होतं आणि विसरून गेले होते. ते माझ्याकडे उत्तराच्या अपेक्षेने बघत होते. हेमंतला मात्र आठवत होतं, तेव्हा तो तिथेच होता. त्याने मान खाली घातली.

आप्पा दोघांच्या मधे उभे होते, हातात डब्याचं झाकण घेऊन.

काहीतरी दुसरं सांगता येईल का, ते मी शोधलं. विसरले, सुचलं नाही, वेळ मिळाला नाही. पण यातलं काहीही सांगितलं असतं तर सरांनी हात झटकले असते, आणि त्यांचं बरोबरच ठरलं असतं. खरं सांगितलं तर माझी पदवी वाचत होती. आणि आप्पांना कळणार होतं की ज्या टरफलांचं ते स्टँडभर कौतुक सांगत फिरले, ती इथे दिवसभराच्या पाहुण्यासारखीसुद्धा नव्हती, दिवेलागणीच्या आत बाहेर काढायची वस्तू होती. आत जायचं दार आणि बाहेर पडायचं दार एकच होतं, आणि त्या दारात माझा बाप उभा होता.

“लतू,” आप्पा हळूच म्हणाले, “सायेब काय इच्यारत्यात? सांग की.”

मी सांगितलं.

“तुम्हीच सांगितलं होतंत, सर.”

“मी? काय सांगितलं होतं?”

“सूर्यास्तानंतर ते लॅबमध्ये राहायला नको म्हणून. कपाटात नको, टेबलावर नको. उरेल ते घरी न्यायचं.” माझा आवाज चढला होता, आणि मी तो खाली आणला नाही. “म्हणून मी सगळं एका दिवसात करते सर. गरम गरम. म्हणून माझ्या हातून होतं. हातगुण वगैरे काही नाही.”

आप्पा झाकणाकडे बघत होते. मला त्यांच्याकडे बघायचा धीर झाला नाही.

सरांचा चेहरा हळूहळू बदलला. आधी आठवलं, मग समजलं, मग आणखी काहीतरी झालं, ज्याला मला आजही नाव देता येत नाही. ते म्हणाले, “हो. सांगितलं होतं मी.” मग पुन्हा एकदा, अगदी बारीक आवाजात, “सांगितलं होतं.”

मग त्यांनी हातमोजे चढवले. “हेमंत, भट्टी लाव. रिअ‍ॅक्शन आजच करायची.”

आप्पा बाहेर आले आणि बाकाच्या अगदी टोकाला बसले. मी दुसऱ्या टोकाला. आमच्या मधे दोन माणसं बसतील एवढी जागा होती.

“तुम्ही जा आप्पा, गाडी लावायची असेल.”

“ऱ्हाऊ दे आज गाडी.”

भट्टीचा घुमारा बाहेर ऐकू येत होता. मला आप्पांची क्षमा मागायची होती, पण कशाबद्दल ते नीट जुळत नव्हतं. मी त्यांच्यापासून लपवलं, का आज सांगितलं? दोन्ही सारखंच वाईट वाटत होतं. आप्पा समोरच्या भिंतीवरचं रसायनांच्या कंपनीचं कॅलेंडर बघत होते. त्यातलं एक अक्षरही त्यांना वाचता येत नव्हतं.

दुपारी दाराच्या काचेतून दिसलं, सर भट्टीपुढे उभे होते. सांडशीने वाटी बाहेर काढताना त्यांनी अंग मागे ओढून धरलं होतं. इतकी तापलेली वस्तू त्यांनीही कित्येक वर्षांत हाताळली नसावी. वाटीच्या धगीने मोज्याचं रबर मऊ पडून बोटांना चिकटायला लागलं. त्यांनी एक मोजा ओढून काढला, मग दुसरा. दोन्ही कचऱ्याच्या टोपलीत टाकले आणि उघड्या हातांनी खलायला बसले. हेमंत काहीतरी म्हणाला, बहुतेक ‘मी करतो’. सरांनी नकारार्थी मान हलवली. पांढरी पूड त्यांच्या बोटांवर, मनगटावर, सदऱ्याच्या बाहीवर उडत होती.

“बामनावानी मानूस दिसतोय,” आप्पा म्हणाले. काचेकडे त्यांचंही लक्ष होतं तर.

“तसलेच काहीसे. सूर्य मावळला की जेवत नाहीत.”

“आन् मग आज?”

मी खिडकीकडे बघितलं. अजून उजेड होता. पण मिश्रण ढवळून झालं, चंबूत ओतलं, आणि थर पडायची वाट बघत सगळे बसले तोवर पश्चिमेकडचं आभाळ तांबडं व्हायला लागलं. सर उठले नाहीत. घरून फोन आला, तो त्यांनी दोन शब्दांत संपवला. आप्पा बाकावरून उठून दारापर्यंत गेले. आत मात्र गेले नाहीत.

“सायेब, तुमची जेवायची येळ झाली.”

“आज राहू दे,” सर म्हणाले. त्यांनी चंबूवरची नजर काढली नाही.

दिवे लागले. त्यानंतर थोड्या वेळाने हेमंतचा आवाज आला, “सर!” आणि पाठोपाठ सरांचा, “ललिता, आत ये.”

सकाळपासून मी पहिल्यांदाच त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं. चंबूत दोन थर होते. वर मधासारखं पिवळं, आरपार दिसणारं. खाली तपकिरी. मधली रेघ आखल्यासारखी. मी ती रेघ शेकडो वेळा बघितली होती, पण त्या दिवशी मला तिच्यासमोर हुंदका आवरला नाही. हेमंतने उगाचच नळ सोडला आणि एक स्वच्छ बीकर पुन्हा धुवायला घेतला.

“मी तुझी क्षमा मागतो,” सर म्हणाले. ठरल्याप्रमाणे, जसं म्हणाले होते तसं. “प्रबंधात ते वाक्य घाल. उत्प्रेरक भट्टीतून काढताक्षणी वापरावा. साठवू नये.” मग ते आपल्या पांढऱ्या झालेल्या हातांकडे बघत राहिले. “आणि उद्यापासून तुझी पूड कपाटात ठेवत जा. वरचा कप्पा मी मोकळा करून देतो.”

“पूड ठेवून चालत नाही सर. ठेवली की कामाची राहत नाही.”

“हो,” ते म्हणाले. “तेही खरंच.” थोडं थांबून पुन्हा म्हणाले, “मग टरफलं तरी ठेव. कच्ची.”

त्यांच्या आवाजात विनंती होती. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माझ्यात तेवढा राग शिल्लक होता आणि तो मला ठेवायचा होता.

मी बाहेर आले तेव्हा आप्पा चपला घालत होते. आम्ही कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडलो. त्यांनी सायकल हातात धरली होती आणि मी बाजूने चालत होते. रस्त्यावर डबकी साचली होती. स्टँडच्या वळणाशी शेवटी मलाच राहवेना.

“आप्पा, मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. पण तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून—”

“डबा कागदात गुंडाळून न्यायचीस,” ते म्हणाले. “गुंडाळूनच आनायचीस. कुनाला दिसू नये आसा. म्या एकदा म्हनलो, पोचवाया येतो, तर तू न्हाई म्हनालीस. कालेजात एवढं गॅदरिंग-बिदरिंग झालं, पर तू एकदाबी ये म्हनाली न्हाईस.”

“तिथं तुम्हाला कुणी काही बोललं असतं तर मला सोसलं नसतं, आप्पा.”

ते चालायचे थांबले. सायकल कमरेला टेकवून उभे राहिले. रस्त्याच्या दिव्यात मला त्यांचा चेहरा दिसला. मी भीत होते तसलं काही त्यावर नव्हतं. उलट कित्येक महिन्यांचं दुखणं उतरावं तसा तो चेहरा मोकळा झाला होता.

“मंजी त्यो नियम सायबाचा हुता व्हय?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“आसं व्हय,” ते म्हणाले आणि हसले. “आन् म्या येवढं दीस समजत हुतो, तुजा हाय.”